देसाईगंज ते मुंबई : जाण्याची आणि परत येण्याची गोष्ट

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारी रोजी चंद्रपूर येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)

आज सावित्रीबाईंचा जन्मदिवस. अशा दिवशी व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर बोलण्याची पद्धत आहे. मी मात्र एका सहलीबद्दल बोलणार आहे. गेल्या महिन्यात देसाईगंज, आरमोरी आणि ब्रह्मपुरी या तीन तालुक्यांतल्या एकवीस बायांना घेऊन मी मुंबईला जाऊन आले. त्यातल्या सात-आठजणी आज समोर बसल्या आहेत. माझं कुठे चुकलं तर त्यांनी मला इथेच थांबवावं.

पहिला प्रश्न आम्हाला सगळीकडे विचारला गेला तो असा, की हिवाळ्यातच का गेलात? मुंबईच्या लोकांना वाटतं, तिथली हवा तेव्हा बरी असते म्हणून. ते खरंच आहे. पण आमचं कारण वेगळं होतं. धान कापून, चुरून घरात आलं की आमच्याकडच्या बाईला वर्षातून एकदा जरा श्वास घ्यायला मिळतो. मार्च लागला की मोहफूल, मग तेंदूपत्ता, मग पावसाळ्यात रोवणी. म्हणजे मोकळे दिवस काय ते हिवाळ्याचेच. आणि या मोकळ्या दिवसांचा उपभोग कोण घेतं? मंडई पुरुषांची, शंकरपट पुरुषांचा. झाडीपट्टीची नाटकं बाया रात्रभर जागून बघतात खऱ्या, पण पाहुण्यांचा स्वयंपाक आटोपून, लेकरू मांडीवर घेऊन. आमचं वडसा हे या नाटकांचं माहेर. तिथल्या बाईने हिवाळ्यात आठ दिवस घर सोडून जायचं, तेही लग्न नाही, मयत नाही, यात्रा नाही, नुसतं शहर बघायला, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं.

नावं नोंदवली होती एकोणतीसजणींनी. निघालो एकवीस. ज्या आठ राहिल्या त्यांची कारणं मी वहीत लिहून ठेवली आहेत. एकीची सासू आजारी. एकीच्या शेताजवळ वाघ दिसला होता, ढोरं कोण बघणार? दोघींकडे पैसे नव्हते, ते आपण जमवले असते, पण त्यांनी सांगितलंच नाही. आणि चौघींच्या घरून एकच वाक्य आलं : "तिथं तुझं काय काम हाय?" हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मी त्याच्याकडे परत येणार आहे.

एसटीने आम्ही नागपूरला गेलो. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फार आधार वाटला. काहीजणींनी रेल्वेचं तिकीट आपल्या खात्यात आलेल्या योजनेच्या पैशांतून काढलं. एक काकू म्हणाल्या, "जल्मात पयल्यांदा मी माह्या पैशानं माह्यासाठी काही घेतलो." झाडीबोलीत बाईसुद्धा 'घेतलो' म्हणते, ते मी सुधारत नाही. रात्रीची गाडी होती. सगळ्यांनी दोन-दोन स्वेटर, शाली, गोधड्या घेतलेल्या. आमच्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो, शेकोटीशिवाय चालत नाही. सकाळी दादरला उतरलो तर मुंबईकर कानटोप्या घालून फिरत होते आणि आमच्या बाया घाम पुसत होत्या. "हे का यायची थंडी?" म्हणून तिथेच पहिलं हसू फुटलं, आणि रात्रभराचं दडपण उतरलं.

मुंबईत आम्ही काय काय पाहिलं त्याची यादी वाचत नाही. तीन गोष्टी तेवढ्या सांगते.

पहिली गोष्ट समुद्राची. दादरला चैत्यभूमीवर गेलो. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ ला तिथे अंत्यसंस्कार झाले. त्याच्या दोन महिने आधी, १६ ऑक्टोबरला, ते इथे आपल्या चंद्रपूरला आले होते आणि इथेही धम्मदीक्षा झाली होती. आमच्यातल्या एका आजींच्या आईने ती दीक्षा घेतलेली. दर सहा डिसेंबरला आपल्या भागातून हजारो लोक चैत्यभूमीला जातात, पण या आजींच्या घरून नेहमी आधी नवरा गेला, मग मुलगे गेले. आजी पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा गेल्या. दर्शन घेऊन वाळूत उतरल्या आणि म्हणाल्या, "एवडं पानी! याले पार हाय का नाई?" मग गप्प बसून राहिल्या, चांगला अर्धा तास. आम्ही त्यांना उठवलं नाही.

दुसरी गोष्ट कामाची. पहाटे पाच वाजता आम्ही कुलाब्याच्या ससून डॉकला गेलो. १८७५ सालची ही गोदी. बोटी लागलेल्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा आरडाओरडा चालला होता, आणि बर्फाच्या गार पाण्यात हात घालून बाया ओळीने कोळंबी सोलत बसलेल्या. आमच्या गटात पाचजणी ढिवर समाजाच्या. बोडीतली, तलावातली मासोळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्या. इतका वेळ शहराला बिचकणाऱ्या या पाचजणी तिथे एकदम घरच्यासारख्या झाल्या. मासा हातात घेऊन कल्ले उघडून बघितले, भाव विचारला, आणि कोळणींशी अशा बोलायला लागल्या की मी बाजूलाच राहिले. कोळीण दर कसा ठरवते, पैसा कुणाच्या हातात राहतो, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. मासा पुरुष धरतो, पण बाजार बाईचा असतो, हे तिथे त्यांना दिसलं. परतीच्या वाटेवर त्यांच्यात वाद सुरू झाला : मासोळी विकायची आपण, उन्हातान्हात हिंडायचं आपण, मग गावच्या मच्छीमार सोसायटीत सभासद म्हणून आपली नावं का नाहीत? दहा वर्षं मी त्यांच्या बैठका घेते आहे. हा प्रश्न माझ्या एकाही बैठकीत निघाला नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर दिव्यांची रांग लागली. एकीने विचारलं, "ताई, इथं लाइन जात नाई का?" मी तिला सांगितलं, की आपल्या चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक मोठी वीजवाहिनी १९९९ पासून आहे. कोळसा आपल्याकडचा, राख आपल्याकडे, आणि वीज वाहत जाते ती पश्चिमेकडे. तिने दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे आपलंच काही इथं हाय." मघाचं वाक्य आठवा : तिथं तुझं काय काम हाय? त्याला मिळालेलं हे पहिलं उत्तर.

आता तिसरी गोष्ट. खरं म्हणजे हिच्यासाठीच मी आज बोलायला उभी राहिले आहे.

चौथ्या दिवशी मुंबईतल्या काही स्त्री-कार्यकर्त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं होतं. फार प्रेमाने बोलावलं होतं. ओळखी सुरू झाल्या. आमच्या बाईने सांगितलं, "मी देसाईगंजची." समोर बसलेली कॉलेजातली मुलगी चटकन म्हणाली, "देसाईगंज! म्हणजे ती बलात्काराची केस झाली ते?" तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, उलट आदरच होता. पण आमच्या एकवीसजणींत एकदम शांतता पसरली. तरुण बायांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मला मान वर करवेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं, गडचिरोली जिल्हा पुढे १९८२ मध्ये झाला. तिथल्या पोलीस ठाण्यात रात्री एका आदिवासी, मजुरी करणाऱ्या, वयाने लहान मुलीवर अत्याचार झाल्याची ही केस. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. नागपूरला उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती होती! रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, दार बंद, समोर वर्दी. तिथे गरीब मुलगी गप्प राहिली तर तिला संमती म्हणायचं?

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या जानेवारीत, म्हणजे अशाच थंडीच्या दिवसांत, मुंबईत बाया एकत्र आल्या आणि 'फोरम अगेन्स्ट रेप' हा मंच उभा राहिला. आठ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात बाईने 'माझी संमती नव्हती' असं न्यायालयात सांगितलं, तर ते खरं धरून चालायचं, असं ठरलं. पीडित बाईची ओळख छापायला बंदी आली. २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यांच्यातही ही तत्त्वं कायम आहेत. आज या देशातल्या कुठल्याही बाईला या कायद्याचा आधार आहे, आणि त्याचा उगम आपल्या धानाच्या बांध्यांमध्ये आहे.

ही केस जगभर तिच्या नावाने ओळखली जाते. मी ते नाव आज घेणार नाही. ज्या कायद्याने ओळख लपवण्याचा हक्क दिला तो तिच्यामुळे आला, पण तिला स्वतःला तो हक्क मिळाला नाही. तेवढा तरी आपण इथे पाळू.

आता माझी चूक. एम.एस.डब्ल्यू.ला असताना 'स्त्रिया आणि कायदा' या विषयात मी ही केस शिकले. परीक्षेत तिच्यावर पंधरा गुणांचं उत्तर लिहिलं, चांगले गुण मिळवले. माझं गाव देसाईगंजपासून तासाभराच्या वाटेवर. नोकरीला लागून मला दहा वर्षं झाली. बचतगट, आरोग्य, वनहक्क, सगळ्यांवर मी बैठका घेतल्या. पण ही गोष्ट जिथे घडली तिथल्या बायांना मी ती एकदाही सांगितली नाही. का? मला वाटलं, जुनी जखम, कशाला उकरायची. खरं सांगायचं तर मला पोलीस ठाण्याशी वाकडं नको होतं. आणि त्याहून खरं म्हणजे, ही शिकलेल्यांच्या चर्चेची गोष्ट आहे, गावातल्या बायांचं तिच्यात काय काम, असं कुठेतरी मीही धरून चालले होते. म्हणजे त्या चार नवऱ्यांचंच वाक्य माझ्याही तोंडात होतं.

त्या रात्री मुक्कामाच्या हॉलमध्ये आम्ही झोपलोच नाही. मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर चैत्यभूमीवरच्या त्याच आजी बोलल्या. त्यांना माहीत होतं. तेव्हा त्या स्वतःच लहान होत्या. त्या म्हणाल्या, "आमाले घरी एवढंच सांगतलं का ठाण्याच्या रस्त्यानं जाऊ नोका. काहून, थे कोनी सांगतलं नाई." मैत्रिणींनो, मुंबई-दिल्लीत त्या घटनेतून मोर्चा निघाला, कायदा निघाला. आमच्याकडे त्यातून काय निघालं? मुलींवर एक बंदी निघाली. बाकीचं परत आमच्यापर्यंत आलंच नाही.

यात मी मुंबईच्या बायांना दोष देत नाही. त्या रस्त्यावर उतरल्या नसत्या तर आज आपल्या हातात काहीच नसतं. पण आपल्याकडून एक गोष्ट गेली आणि परत यायची वाट मात्र कुणी बांधली नाही, हे आपण दोघींनी मान्य केलं पाहिजे. ती वाट बांधायचं काम माझ्यासारखीचं होतं.

शेवटच्या दिवशी गेट वे ऑफ इंडियाजवळ आम्ही बंदरात लाँचने एक फेरी मारली. समुद्रपक्षी बोटीमागे येत होते. हे पक्षी फक्त हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात, असं लाँचवाल्याने सांगितलं. एकजण म्हणाली, "यायले कोनी इचारत नाई, तुयं काय काम हाय म्हनून." आम्ही सगळ्या हसलो, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

परत आल्यावर दोन गोष्टी झाल्या आहेत. ढिवर बायांनी सोसायटीकडे सभासदत्वासाठी लेखी अर्ज दिले आहेत. सोसायटीने अजून ते घेतलेले नाहीत, पोच मागितली तर 'उद्या या' म्हणतात. आम्ही उद्या जाणार आहोत, आणि परवाही. दुसरी गोष्ट : देसाईगंज तालुक्यातल्या सहा गावांत बायांनी स्वतः बैठका घेऊन १९७२ ते १९८३ पर्यंतची हकिकत सांगितली. मी मागे बसले होते. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही, अपवादात्मक वेळी करायची झाली तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी हवी, बाईचा साक्षीदार म्हणून जबाब तिच्या राहत्या ठिकाणी घ्यायचा, हे आजींनी तोंडपाठ सांगितलं. एका गावात एका पोरीने विचारलं, मग आता ठाण्याच्या रस्त्यानं जायचं का? आजी म्हणाल्या, "जायचं. पन चौघीजनी मिळून जायचं, आन् कायदा पाठ करून जायचं."

पुढच्या डिसेंबरात आपण परत जाणार आहोत. राहिलेल्या आठजणींची नावं वहीत सगळ्यात वर आहेत. पैशांसाठी गटात महिना वीस रुपयांची वेगळी पेटी सुरू केली आहे. स्वेटर एकच घ्या, पायात चप्पल मजबूत घ्या, पाण्याची बाटली घ्या. आणि स्टेशनवर उतरल्यावर मोरी कुठे आहे ते विचारायला लाजू नका. मुंबईच्या बायांनाही २०११ मध्ये त्यासाठी 'राइट टु पी' म्हणून मोहीमच काढावी लागली होती.

आणि घरून कुणी विचारलं, तिथं तुझं काय काम हाय, तर सांगा : आमची वीज तिथं हाय, आमच्या बाबासाहेबांची चैत्यभूमी तिथं हाय, आमच्या वडशाच्या पोरीसाठी बाया तिथं रस्त्यावर आल्या. आमचं काम हाय तिथं. आणि ते करून आम्ही परत येतो.

जय सावित्री.