वृद्धांचे घर आणि घरपट्टी

(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या सभेसाठी मी जो विषय निवडला आहे तो ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. घरपट्टी हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असेही कोणी मनात म्हणाले असेल. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहावे लागले, आपल्या पायाखालची जागा आपली आहे असे ज्याला कधी छातीठोकपणे म्हणता आले नाही, त्या समाजाने स्वकष्टाने चार भिंती उभ्या केल्यावर त्या भिंती म्हातारपणी आपल्या राहतात की नाही हा प्रश्न क्षुल्लक मानून चालणार नाही. घर बांधणे कठीण आहेच. पण हातपाय थकल्यावर ते राखणे अधिक कठीण. आणि घर हातचे जाण्याची एक वाट थकलेल्या कराच्या बिलातून जाते.

प्रथम ह्या कराचे स्वरूप समजून घेऊ. प्राप्तिकर हा माणसाच्या मिळकतीवर असतो. मिळकत आटली की तो कर आपोआप थांबतो. घरपट्टीचे तसे नाही. ती वस्तूवर बसते. घरधनी कारखान्यात कामाला जात होता तेव्हा घर जेवढे होते तेवढेच ते तो अर्धांगवायूने खाटेला खिळल्यावरही असते. किंबहुना शेजारून रस्ता गेला, वस्ती वाढली, की त्याची किंमत चढते आणि कर वाढतो. घरातल्या म्हातारीच्या डब्यातील पैसे मात्र वाढत नाहीत. 1927 साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर नेमका ह्याच जातीचा आक्षेप घेतला होता. प्राप्तिकरात अल्प मिळकतीच्या माणसाला सूट आहे, पण शेतसारा मात्र लहानमोठ्या प्रत्येक शेतकऱ्याला द्यावा लागतो, मग त्याच्या पदरात काही पडो वा न पडो, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जमिनीच्या जागी घर ठेवा, म्हणजे आजच्या विषयाचे मूळ आपल्या हाती येईल.

मग हा कर सरसकट रद्दच का करू नये? तसे म्हणणे सोपे आहे. परंतु गावातील दिवाबत्ती, गटारे, पाणी ह्यांचा खर्च याच पैशातून चालतो, आणि अमेरिकेत तर सार्वजनिक शाळांचा फार मोठा भार ह्याच करावर आहे. श्रीमंतांच्या हवेल्यांवरचा कर उठला तर गरिबाच्या मुलाची शाळा बंद पडेल. तेव्हा खरा प्रश्न कर असावा की नसावा हा नसून, ज्याच्याजवळ घर आहे पण पैसा नाही अशा वृद्धाकडून व अपंगाकडून तो कसा आणि किती घ्यावा, हा आहे.

ह्या प्रश्नाचा ऊहापोह अमेरिकेत बराच झालेला आहे, म्हणून तेथील दोन प्रकरणे मी आपणांपुढे ठेवतो.

पहिले मिनिआपोलिस शहरातील. जेराल्डिन टायलर नावाच्या एका वृद्ध स्त्रीची तेथे एक सदनिका होती. प्रकृती व सुरक्षितता ह्या कारणांनी 2010 साली त्या वृद्धांच्या वसाहतीत राहावयास गेल्या आणि सदनिकेचा कर थकला. मूळ कर होता सुमारे 2,300 डॉलर. दंड, व्याज व खर्च मिळून तो सुमारे 15,000 डॉलरवर गेला. जिल्हा प्रशासनाने सदनिका ताब्यात घेऊन 40,000 डॉलरला विकली. आता आपल्याकडील कोणताही सावकारही म्हणेल की, माझे 15,000 मला द्या आणि उरलेले 25,000 तुमचे. पण प्रशासनाने ते सर्व स्वतःजवळ ठेवले, आणि राज्याचा कायदा त्याला तशी मुभा देत होता! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 25 मे 2023 रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, येणे असलेल्या रकमेपलीकडचा पैसा ठेवून घेणे म्हणजे मोबदला न देता खाजगी मालमत्ता हिरावणे होय, आणि राज्यघटना त्यास परवानगी देत नाही. त्या वेळी ह्या बाईंचे वय 94 वर्षांचे होते.

दुसरे प्रकरण डेट्रॉईटचे. ते आपणांस अधिक जवळचे वाटेल. मोटारींच्या कारखान्यांमुळे हे शहर भरभराटले. दक्षिणेतील वर्णद्वेषाला कंटाळलेली काळी कुटुंबे तेथे आली, कारखान्यांत राबली आणि त्यांनी घरे घेतली. 1950 साली शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. 2020 च्या जनगणनेत ती साडेसहा लाखांच्याही खाली आली. कारखाने गेले, 2008 च्या मंदीने घरांच्या किमती कोसळल्या, पण कराच्या वहीत मात्र घरांची किंमत त्या प्रमाणात उतरली नाही. मिशिगन राज्याच्या घटनेप्रमाणे कराची आकारणी बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक किमतीवर करता येत नाही. येथे मात्र अनेक स्वस्त घरांवर ती मर्यादा ओलांडून आकारणी होत राहिली. थकबाकीवर व्याज वर्षाला 18 टक्क्यांपर्यंत, आणि 1999 च्या कायद्याने तीन वर्षे कर थकला की घर जप्त. अशी हजारो घरे गेली, आणि त्यांत ज्यांचे कर्ज कधीच फिटले होते अशा म्हाताऱ्या माणसांची घरेही होती.

आता ह्यातील खरा दंश पाहा. गरीब घरमालकाला कर माफ करण्याची तरतूद मिशिगनच्या कायद्यात त्याही वेळी होतीच! ज्या वृद्धांची घरे लिलावात गेली त्यांपैकी कित्येकांना मुळात एक डॉलरही कर देण्याची गरज नव्हती. परंतु ही माफी आपोआप मिळत नसे. त्यासाठी दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागे. अर्जाचा नमुना मिळविणेही सोपे नव्हते, कागदपत्रे फार लागत, आणि एखादे वर्ष चुकले की मागील कराची माफी मागता येत नसे. हक्क कायद्याच्या पुस्तकात आणि माणूस रस्त्यावर, अशी स्थिती झाली. शेवटी 2016 साली रहिवाशांनी व त्यांच्या संघटनेने न्यायालयात दावा लावला आणि 2018 साली तडजोड झाली. तीनुसार शहराने माफीचा अर्ज सोपा करावयाचा, लोकांना त्याची माहिती द्यावयाची, आणि माफीस पात्र असलेल्या काही रहिवाशांना आपलेच घर 1,000 डॉलर देऊन परत घेता यावे, असे ठरले. माझ्या मते कायदा करणाऱ्याने पुण्य केले असे समजून निजू नये. तो कायदा खाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे पाहिल्याशिवाय त्याचे काम अर्धेच आहे.

अमेरिकेत सवलतीच्या ज्या पद्धती निघाल्या त्यांपैकी एक विशेष बुद्धीची आहे. घरातील वीज फार वाहू लागली की तारा जळू नयेत म्हणून आपण जसे विद्युत्प्रवाह तोडणारे उपकरण बसवितो, तसे हे आहे. कर मिळकतीच्या ठराविक हिश्श्याहून अधिक झाला की वरचा भार राज्याने सोसावयाचा. विस्कॉन्सिन राज्याने 1964 साली वृद्धांसाठी ही पद्धत प्रथम सुरू केली. पेनसिल्व्हेनियात 1971 पासून लॉटरीच्या उत्पन्नातून कराचा परतावा दिला जातो. 65 वर्षांवरील वृद्ध, 50 वर्षांवरील विधवा व विधुर, आणि 18 वर्षांवरील अपंग त्यास पात्र आहेत. विशेष म्हणजे भाडेकऱ्यालाही तो मिळतो, कारण मालक कर भाड्यातूनच वसूल करतो हे तेथील कायद्याने ओळखले आहे. 2023 च्या कायद्याने परताव्याची कमाल रक्कम 650 वरून 1,000 डॉलर केली. दुसरी पद्धत कर पुढे ढकलण्याची. वृद्ध हयात आहे आणि घरात राहतो आहे तोवर कर मागावयाचा नाही. तो घरावर बोजा म्हणून चढत राहतो आणि घर विकले जाईल किंवा मालक वारेल तेव्हा वसूल होतो. ही दुसरी पद्धत मला मध्यम वर्गाची वाटते. ज्याला नातवासाठी एक खोली मागे ठेवावयाची आहे, त्याला मरणोत्तर बोजाची कल्पना सुखावह नसते. ब्रिटनमध्ये आणखी एक बारकावा आहे. अपंगासाठी जादा न्हाणीघर किंवा चाकांच्या खुर्चीसाठी जागा लागत असेल, तर त्या घराचा कर एक पायरी खालच्या दराने आकारतात. अपंगत्वामुळे घर मोठे लागते, म्हणून कर अधिक द्यावा लागू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. दिल्लीत ज्येष्ठ नागरिक, स्त्रिया, अपंग व माजी सैनिक ह्यांना स्वतः राहत असलेल्या एका घरावर, 200 चौरस मीटरपर्यंत, 30 टक्के सूट आहे. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ झाला. मुंबईच्या ह्या माफीला वय, अपंगत्व, उत्पन्न काहीच लागत नाही. त्यामुळे एखाद्या धनिकाची लहानशी दुसरी खोलीही सुटते, हा दोष खरा. पण म्हाताऱ्या माणसाला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत, हा गुण मला त्या दोषाहून मोठा वाटतो. पुण्यात उलट अनुभव आला. स्वतःच्या वापरातील घराला असलेली 40 टक्के सवलत 2023 साली पुन्हा लागू झाली, पण ज्यांना ती मिळत नव्हती त्यांनी नमुना भरून पुरावे द्यावयाचे होते. ज्याने नमुना भरला नाही त्याला पूर्ण रकमेचे बिल. आणि महानगरपालिकेच्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24 टक्के! डेट्रॉईटचे 18 टक्के ऐकून ज्यांनी मघाशी हळहळ व्यक्त केली, त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

खेड्यातील बंधूंना एक गोष्ट सांगावयाची आहे. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे जो सभासद पंचायतीचा कर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरत नाही, तो अपात्र ठरू शकतो. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या माणसावर, विशेषतः भगिनींवर, प्रतिपक्ष हेच शस्त्र उचलतो. सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावरील जुनी बाकी सुनेच्या सभासदत्वाच्या आड कोणी आणील, असे समजून चालावे. तद्वतच पंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. ती कोठे खर्च झाली हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे.

आणि नावाचा प्रश्न. फिलाडेल्फिया शहरात 2021 साली दहा हजारांहून अधिक घरे अशी आढळली की, ज्यांच्या कागदावर मृत माणसाचे नाव होते आणि आत त्याची मुले-नातवंडे राहत होती. मालक म्हणून नाव नसल्यामुळे ही माणसे सवलतीला, दुरुस्तीच्या मदतीला अडून बसत. आपल्या वस्त्यांत ह्याहून निराळे काय आहे? घरधनी वारून पंधरा वर्षे झाली तरी नमुना आठवर त्याचेच नाव असते. ज्या विधवा आईला सवलत मिळावयाची, तिचे नाव वहीत नाही. काही ठिकाणी मुलगे आईच्या हयातीतच घर आपल्या नावावर करून घेतात. मग वृद्धांची सवलत जाते, आणि कधी आईही घराबाहेर जाते. अशा आईने हे ध्यानात ठेवावे की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 अन्वये न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मागता येते.

कित्येक वृद्ध सवलत नको म्हणतात, कारण पट्टीची पावती हाच आपल्या घराचा आधार आहे असे ते मानतात. ही भीती मूर्खपणाची नाही. ज्याच्याजवळ खरेदीखत नाही, सनद नाही, त्याला ती पावतीच काय ती राहती वस्ती दाखविते. कायद्याच्या दृष्टीने ती मालकीचा पुरावा नव्हे, ताब्याचा मात्र एक पुरावा ठरू शकते. यास्तव माफी मागताना आकारणीच्या वहीतील नोंद कायम राहील हे पाहावे, शून्य रकमेचे का होईना बिल मागावे, आणि जुन्या पावत्या जाळू नयेत की रद्दीत घालू नयेत.

सभा संपल्यावर ज्यांच्या घरी साठीवरचे किंवा अपंग माणूस आहे त्यांनी थोडे थांबावे. येत्या रविवारी येताना नमुना आठचा उतारा किंवा मालमत्ता कराचे बिल, मृत्यूचा दाखला असल्यास तो, वयाचा पुरावा आणि अपंग असल्यास दिव्यांग प्रमाणपत्र बरोबर आणावे. लिहिता-वाचता येणारी तरुण मुले-मुली अर्ज लिहून देतील. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तेथून हलू नये.