आइस मेकर आणि गच्चीवरची टाकी

घरच्या फ्रीजमधून बर्फाचे खडे आपोआप पडायला लागले की पाहुण्यांना आधी तेच दाखवलं जातं. काही महिने जातात. मग खड्यांना वास येतो, नाहीतर ते चपटे, अर्धवट, आतून पोकळ निघू लागतात आणि मेकॅनिकला फोन जातो. तो येऊन गॅस तपासतो, कॉम्प्रेसरला कान लावतो. गच्चीवरच्या टाकीकडे मात्र कुणी बघत नाही. आजच्या व्याख्यानाचा रोख त्या टाकीवर आहे.

एक काळ असा होता की बर्फ आपल्याकडे जहाजातून यायचा. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात सुमारे १८० टनांपैकी १०० टनांच्या आसपास शिल्लक राहिला, तरी धंदा फायद्यातच गेला. पुढे तो मुंबईलाही येऊ लागला आणि त्याच्यासाठी कोटात खास बर्फघर बांधलं गेलं. आपोआप खडे पाडणारा घरगुती फ्रीज अमेरिकेतल्या सर्व्हेल कंपनीने १९५३ च्या सुमारास बाजारात आणला. म्हणजे हे यंत्रही तिकडचंच. चोवीस तास दाबाने वाहणारा नळ गृहीत धरून ते घडवलं गेलं, आणि आपल्या घरांत नेमकी तिथेच ठेच लागते.

यंत्र तसं साधं आहे. विजेवर उघडणारा एक छोटा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो आणि साच्यात पाणी सोडतो. पाणी गोठलं की सेन्सर इशारा देतो, साच्याखालचा हीटर खडे किंचित सैल करतो आणि फिरणारा दांडा ते खालच्या डब्यात ढकलतो. डबा भरला की बाजूची तार वरच अडकून राहते आणि काम थांबतं. यात एक मेख आहे. बहुतेक मॉडेलांत व्हॉल्व्ह पाणी मोजत नाही, वेळ मोजतो. दाब कमी असेल तर तेवढ्याच सेकंदांत पाणी कमी येतं आणि खडा अर्धाच होतो.

आता हिशेब पाहू. नळाला जोडायच्या आइस मेकरला पाण्याचा दाब कमीत कमी २० पीएसआय हवा, असं अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिका सांगतात; काहींची मागणी याहून जास्त असते. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय दाब मिळतो. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकी फ्रीजच्या वर १४ मीटर, चार-साडेचार मजले, असायला हवी. पाच मजली इमारतीत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचं निभावतं. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी छताच्या जेमतेम वर असते, तिथे पाच-सहा पीएसआयसुद्धा मुश्किलीने मिळतो. फ्रीज तोच, कंपनी तीच, सोसायटीही तीच; एकाकडे टपोरे खडे आणि दुसऱ्याकडे पापुद्रे! दुकानातला विक्रेता किती लिटरचा, किती स्टारचा, कुठल्या रंगाचा हे सगळं विचारतो. मजला विचारत नाही.

कमी दाबाचा दुसरा त्रास अधिक छुपा आहे. व्हॉल्व्ह घट्ट बंद व्हायला पाण्याचा दाबच मदत करतो. तो नसला की थेंब थेंब पाझरत राहतो आणि साच्यात खड्यांऐवजी एकसंध ढेप तयार होते. भिंतीवरच्या आरओच्या टाकीतून नळी ओढणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, कारण त्या टाकीतलं पाणी निव्वळ उंचीवर उतरतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी छोटा बूस्टर पंप बसवावा. त्यापेक्षा, फ्रीजच्या आतच हाताने भरायची टाकी असलेलं मॉडेल घेणं शहाणपणाचं. चेष्टा होईल, पण बर्फ मिळेल.

बोअर आणि टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. बाहेरून आत गोठताना पाणी क्षार आणि हवा मधोमध ढकलतं, म्हणून खड्याचा गाभा पांढुरका दिसतो. बर्फ वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरी कणी उरते ती बहुधा चुन्याची. पोटाला अपायकारक नाही, व्हॉल्व्हच्या जाळीला मात्र आहे. फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. जड पाण्याच्या भागात तो त्याआधीच तुंबतो.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज मात्र सोडायला हवा. पाणी जितकं शुद्ध, तितकाच बर्फ शुद्ध. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं ते रसाच्या आणि गोळ्याच्या गाड्यांवर पोहोचणाऱ्या बर्फामुळे. घरच्या डब्यातल्या बर्फाला असा रंग नसतो, त्यामुळे डबा महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन कोरडा करण्याला पर्याय नाही. उघडी ठेवलेली मासळी किंवा चिरलेला कांदा असला की बर्फ तो वास हटकून धरतो.

विजेचं म्हणाल, तर अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०११ च्या चाचण्यांत आइस मेकर चालू असताना फ्रीजचा वीजवापर १२ ते २० टक्के वाढलेला आढळला. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग गोठवण्यावर नाही, खडे सोडवणाऱ्या हीटरवर खर्ची पडला होता. पावसाळ्यात, थंडीत सरबतं बंद असताना आइस मेकर चालू ठेवणं ही निव्वळ हौस.

साच्यात ढेप अडकली तर सुरी, उलथनं काही लावू नये. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो ज्वलनशील आहे. नळीला भोक पडलं तर काम निव्वळ गॅस भरण्यावर भागत नाही. फ्रीज बंद करून दार उघडं ठेवावं, खाली जुना टॉवेल अंथरावा आणि वाट पाहावी.

मे महिन्यात गावी जाताना पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा, आइस मेकर बंद करावा, डबा रिकामा करावा. परतल्यावर नळीत साचून राहिलेलं पाणी आधी साच्यात येतं, म्हणून पहिले दोन-तीन घाणे सरळ मोरीत ओतावेत. फ्रीझर उणे १८ अंशांवर आल्यावर पुरेसा बर्फ साठायला एक दिवस लागतो. त्याच संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर जुना ट्रे हाताने भरून ठेवलेला बरा.