पुस्तकांच्या देशात हिवाळी सुट्टी
(संस्थेच्या वाचनालयात विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



डिसेंबरात आइसलँडला जातो म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढले. थंडी तर आहेच. शिवाय रेक्याविक या राजधानीत त्या दिवसांत सूर्य सकाळी अकराच्या पुढे उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. पण मला पुस्तकांचा पूर पाहायचा होता. तेथे त्याला 'योलाबोकाफ्लोद', म्हणजे नाताळचा पुस्तकपूर, असेच म्हणतात. वर्षातील बहुतेक नवी पुस्तके नाताळच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत निघतात. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तके भेट देतात, आणि पुष्कळ लोक त्याच रात्री ती वाचायला घेतात. ही प्रथा दुसऱ्या महायुद्धातली. बाहेरून येणाऱ्या मालावर निर्बंध होते, कागद मात्र मिळत होता. म्हणून भेट द्यायला उरले पुस्तक! नव्या पुस्तकांची यादी छापण्याची पद्धत 1944 पासूनची; ती पुष्कळ वर्षे घरोघरी फुकट वाटली जाई.

देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत. तेवढ्या लोकांच्या भाषेत लिहिणाऱ्या हाल्दोर लाक्सनेस यांना 1955 साली नोबेल मिळाले. पुस्तके तेथे स्वस्त नाहीत, हेही सांगून टाकतो. दुकानात किंमत पाहून मी दोनदा पुस्तक परत ठेवले.

विद्यार्थी मित्रांनो, खरी गोष्ट पुढेच आहे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तेथे 1907 साली झाला. पण त्याच्या शंभरेक वर्षे आधीच बहुतेक लोकांना वाचता येत होते. शाळा जवळजवळ नव्हत्या. मुलांना वाचायला शिकवणे ही घरच्यांची जबाबदारी होती, आणि पाद्री घरोघर फिरून मुलांची परीक्षा घेत. गवताळ मातीच्या घरात एकच मोठी खोली असे. हिवाळ्याच्या रात्री सारे तेथेच लोकर विंचरत, सूत कातत, विणकाम करत बसत आणि एकजण दिव्याजवळ बसून मोठ्याने वाचे. हे लोक गरीब होते. कमी होते ते कपडे आणि अन्न. इतके की जुन्या हस्तलिखिताच्या चामड्याच्या पानावरून अंगरखा बेतल्याचा नमुनाही आढळतो.

अशी पाने आर्नी माग्नुसोन या विद्वानाने गोळा केली व कोपनहेगनला नेली. देश डेन्मार्कच्या ताब्यात होता. 1728 च्या आगीत त्यांतील काही जळाली. स्वातंत्र्यानंतर आइसलँडने युद्धनुकसानभरपाई नव्हे, कोळसा-धान्य नव्हे, ही पोथ्याच परत मागितल्या. 21 एप्रिल 1971 रोजी पहिल्या दोन पोथ्या डॅनिश नौदलाच्या जहाजातून आल्या, तेव्हा बंदरावर हजारो माणसे उभी होती. त्यांतील एक 113 वासरांच्या कातड्यांवर लिहिलेली. हे परत देण्याचे काम 1997 पर्यंत चालले. आता 2023 साली त्यांच्यासाठी खास इमारत उघडली आहे.

सारे आलबेल आहे असे मात्र समजू नका. मुलांचे फोन, खेळ, चित्रपट इंग्रजीत; आपली भाषा नातवंडांपर्यंत पोचेल का, ही काळजी तेथे उघड बोलली जाते.

त्या नव्या पुस्तकांच्या यादीची एक प्रत मी आणली आहे. अक्षरे कळणार नाहीत, पण मुलांच्या पुस्तकांची पाने किती आहेत ते जरूर मोजा. ती येथे वाचनालयाच्या टेबलावर ठेवतो.