प्रश्नावलीची चाळणी आणि आपल्या घरातील ताट
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या पंगती उठत असताना न जेवणाऱ्या मुलांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु अन्न हा आपल्याकडे मायेचा, मानपानाचा आणि धर्माचाही विषय असल्यामुळे त्यासंबंधीचा आजार आपल्या घरात सहज लपून राहतो. म्हणूनच आम्ही हा विषय निवडला.

वजन वाढेल या धास्तीने अन्न तोडत जाणे, किंवा अनावर होऊन खूप खाणे व मग ते ओकून टाकणे, हा हट्ट नव्हे आणि फॅशनही नव्हे. पहिल्या विकाराला लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. दुसऱ्याचे, म्हणजे 'बुलिमिया नर्व्होसा'चे, वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. हे विकार जिवावरही बेततात. मुलींत ते अधिक आढळतात, पण मुलगे त्यांतून सुटलेले नाहीत.

असे विकार वेळीच ओळखू यावेत म्हणून टोरांटो येथील डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकेल यांनी १९७९ मध्येच 'ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट' ही ४० विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. १९८२ मध्ये ती २६ विधानांवर आणण्यात आली. 'नेहमी'पासून 'कधीच नाही'पर्यंतच्या सहा पर्यायांपैकी एकावर उत्तर देणाऱ्याने स्वतःच खूण करावयाची. टोकाच्या उत्तराला ३ गुण, त्याखालच्या दोहोंना २ आणि १, उरलेल्या तिहींना शून्य. बेरीज २० किंवा त्याहून अधिक भरली, तर तज्ज्ञांकडून पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे.

येथे 'पुढील तपासणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नव्हे. समजा, एक हजार मुलींपैकी दहा जणी खरोखर आजारी आहेत. चाळणीने त्यांतील नऊ जणी टिपल्या आणि निरोगी ९९० पैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जणींवरही चुकून बोट ठेवले. तर वेगळ्या काढलेल्या १०८ मुलींत आजारी अवघ्या नऊच! म्हणून केवळ बेरीज पाहून कोणत्याही मुलीवर शिक्का मारणे हा अन्याय होय.

त्यातून ही चाळणी परमुलखात विणलेली. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतातील एका गावच्या ५८० शाळकरी मुलींपैकी १६७ जणींचे, म्हणजे २९ टक्के मुलींचे, गुण मर्यादेपलीकडे गेले. परंतु पाच विधानांच्या उत्तरांची तऱ्हा पाहता, भाषेमुळे वा संस्कृतीमुळे त्यांचा भलताच अर्थ घेतला गेला असावा, असे त्यांना दिसून आले.

आपल्या घरात काय होईल, याची कल्पना करून पाहा. 'मी आणखी खावे असे इतरांना वाटते' या आशयाचे एक विधान त्या प्रश्नावलीत आहे. ज्या घरात आजी जिलबीचा आग्रह केल्यावाचून पानावरून उठू देत नाही, तेथील कोणती मुलगी 'नेहमी' या पर्यायावर खूण करणार नाही? भूक असून न खाण्याविषयी विचारले, तर संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणारी किंवा हरतालिका करणारी मुलगी काय उत्तर देईल? तिच्या व्रताला आजार ठरवणे चूक. परंतु याची दुसरी बाजूही आहे. आठवड्यात उपवासांची संख्या वाढत चालली आणि पारण्याच्या दिवशीही ताट तसेच राहू लागले, तर व्रताच्या आडून आजार वावरत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

दुसरी उणीव अशी की, उत्तरे स्वतःच द्यावयाची असल्याने ती लपवताही येतात. जिला आजाराची लाज वाटते, किंवा आपण आजारी आहोत हेच मान्य नाही, तिची बेरीज शून्याजवळही येऊ शकते. आई मागे उभी राहून कागद भरून घेत असेल, तर ती तशी येण्याचाच संभव अधिक. म्हणून कागद एकांतात भरू द्यावा आणि मुलगी ज्या भाषेत मनाशी बोलते त्या भाषेत तो असावा. बंगळूरमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांची ती भाषा मराठी असेल, कन्नड असेल किंवा इंग्रजी.

हा प्रश्न दूरदेशीचा नव्हे. निमहान्सच्या डॉ. प्रभा चंद्रा व सहकाऱ्यांनी याच शहरातील मानसोपचारतज्ज्ञांची पाहणी करून ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश तज्ज्ञांनी असा निदान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले.

म्हणून पालकांना आमची विनंती अशी की, कोणत्याही प्रश्नावलीआधी आपले डोळे उघडे ठेवावेत. मूल सर्वांसोबत जेवणे टाळते का, जेवताच न्हाणीघरात जाऊन दार लावते का, मुलीची पाळी थांबली आहे का, सैल कपड्यांत देह लपवला जातो का, हे पाहावे. आणि 'किती वाळलीस!' किंवा 'किती सुटलास!' हे पाहुण्यांसमक्ष बोलणे आपण सर्वांनीच सोडावे. शंका आली, तर रागावणे नको आणि ताटावर पहारा नको, डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर सल्ला देते.

आग्रह ही आपली रीत आहे आणि ती राहावी. मात्र 'आणखी वाढू का?' याबरोबरच 'तुला काय वाटते आहे?' असेही आपल्या पंगतीत विचारले जावे आणि येणारे उत्तर शांतपणे ऐकून घेतले जावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.