आज्ञा कोणाची?



१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्ण्याचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला; तरीही ज्या लोकांनी घरातली मराठी कोणत्याही दप्तराच्या हुकुमावाचून टिकवली, त्यांच्या सभेचे अध्यक्षपद मला, एका ख्रिस्ती मराठी माणसाला, मिळाले आहे. तेव्हा आभाराच्या उपचारात वेळ न दवडता मी वादाच्याच विषयाला हात घालतो.

ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे निमूट आज्ञापालन, असा आक्षेप आमच्यावर बाहेरून घेतला जातो. आणि दुर्दैव असे की आमच्यातील कित्येक धर्मोपदेशक तोच आक्षेप भूषण म्हणून मिरवतात. दोघांचेही म्हणणे मला सर्वथा अमान्य आहे. आज्ञापालन हा आमच्या श्रद्धेचा प्राण आहे, हे मी नि:शंकपणे सांगतो. गेथशेमाने बागेतील ती रात्र वगळली तर आमच्याजवळ काय उरते? परंतु ज्या ख्रिस्ताने आपली इच्छा पित्याच्या इच्छेपुढे नमवली, त्याला वधस्तंभावर चढवण्याचा फैसला धर्मसभेचे महायाजक आणि रोमन सुभेदार यांनी मिळून केला होता, आणि खिळे ठोकणारे शिपाई तर अक्षरश: हुकुमाचे ताबेदार होते. पुढे त्याच धर्मसभेने प्रेषितांना उपदेश बंद करण्याची ताकीद दिली, तेव्हा त्यांच्यातील पेत्राने ती मानली नाही. कारण माणसाच्या हुकुमाहून देवाचा हुकूम त्याला श्रेष्ठ होता. हा अवज्ञेचा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातला आहे, आणि तो आज्ञापालनाचाच धडा आहे.

हा धडा मराठी मुलखात कोणी गिरवला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या देशातील विधवा, पदरी लहानगी लेक मनोरमा, आश्रय त्या भगिनींचाच. अशा स्थितीत उपकाराखाली वाकणे किती सोपे होते! पण चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी त्यांचा अधिकारच विचारला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह त्यांनी धरला. आणि बुद्धीला न पटलेले सिद्धांत केवळ चर्चची आज्ञा म्हणून स्वीकारण्याचे साफ नाकारले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, ज्यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, त्यांनी या वर्तनाला अहंकार मानले. पुरोहितवर्गाचे एक जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर त्याच जातीचे दुसरे मानेवर घेणार नाही, हे रमाबाईंच्या उत्तराचे सार होते. दोघींमधला हा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. आमच्या प्रत्येक धर्मगुरूने तो वाचावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

आता अहंकारी कोण, याचा निर्णय रमाबाईंच्या पुढील आयुष्यावरून करा. १८९६-९७ च्या दुष्काळात याच मध्य प्रांतात येऊन, उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली ज्या बाईने आपल्या छायेखाली नेल्या, आणि हिब्रू व ग्रीक आत्मसात करून बायबलचे मराठी भाषांतर १९२२ साली मृत्यू येईपर्यंत हातावेगळे केले, तिला आज्ञा ठाऊक नव्हती असे म्हणण्याचे धारिष्ट कोणी करावे?

नारायण वामन टिळकांचेही तेच. येथून जवळच्या नागपुरात ज्यांनी संस्कृत ग्रंथांच्या सहवासात काही काळ घालवला, त्या टिळकांना १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला; १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही भक्तांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ उघडला. मिशन सुटले, ख्रिस्त सुटला नाही. म्हणून या दोघांना निव्वळ बंडखोर ठरवून त्यांच्या श्रद्धेला बगल देणाऱ्या आधुनिक टीकाकारांशीही माझे भांडण आहे. स्वत:च्या लहरीसाठी त्यांनी काहीच मोडले नाही. मोठ्या धन्याला रुजू होण्यासाठी लहान धन्याची चाकरी सोडली.

आणि हा प्रश्न केवळ ख्रिस्ती लोकांचा आहे, असे समजून कोणी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात; माणसे जखमी होतात, मेलीही आहेत. प्रशासनाने मनाई केली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, आणि तो हुकूम आपण धाब्यावर बसवला. कलेक्टराची आज्ञा मोडताना न डगमगणारा तरुण रूढीची आज्ञा मोडताना मात्र कापतो, हे कसले स्वातंत्र्य? ज्या चंडीमातेच्या नावाने हे चालते, तिच्यावरील भक्तीला मी हात लावत नाही. शेजाऱ्याचे डोके फोडल्यावाचून ती सिद्ध होत नाही, हे म्हणणे मात्र मी मान्य करणार नाही. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. बंदोबस्तास पोलीस येतीलच. पण येत्या पोळ्यानंतरच्या सकाळी दोन्ही तीरांवर पाद्री, कीर्तनकार आणि गावचे जाणते पोलिसांच्या आधी उभे राहिले पाहिजेत, आणि आपापल्या मुलांच्या हातातला दगड त्यांनी स्वत: काढून घेतला पाहिजे, अशी मागणी मी या अध्यक्षपदावरून करतो, आणि तीरावर माझी जागा आजच मागून ठेवतो.