पायाखाली काय आहे?



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, राजकारणही ऐकता. अशा पंक्तीत विटा, रेती आणि चुना घेऊन बसणे थोडे धाडसाचे आहे. पण ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे, आणि त्यात घराचा क्रम पहिला लावला आहे, तो काही उगाच नव्हे. लग्नात काही बिनसले तर दोष द्यायला निदान व्याही तरी सापडतो. घराचे बिनसले म्हणजे मालक गवंड्याकडे बोट दाखवितो, गवंडी सिमेंटकडे, आणि सिमेंट बिचारे मुके!

नवे घर बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना अवचित विघ्ने उपटतात, आणि त्यांपायी आयुष्यभराची शिल्लक संपते, हा अनुभव या सभागृहातील पुष्कळांच्या गाठी असेल. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, यांतली बहुतेक विघ्ने मुळात अवचित नसतात. ती कोणाला तरी ठाऊक असतात. ज्याला ठाऊक असतात तो लिहून ठेवीत नाही, आणि ज्याला गरज असते तो विचारीत नाही. मधल्या काळात त्यांच्यावर माती पडते, गिलावा चढतो, आणि मग आपण त्यांना दैव म्हणतो.

प्रथम जमिनीचेच पाहू. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. पण त्यांची जमीन कधीच एक नव्हती. वरोरा, भद्रावतीकडे काळी कन्हार, पूर्वेस तांबूस मुरमाड जमीन, राजुरा-गडचांदूरकडे चुनखडीचा थर, आणि वर्धा नदीच्या खोऱ्यात वाळूच्या दगडाखाली कोळसा. चार कोसांवर भुई बदलते. घराचा पाया मात्र सगळीकडे शेजाऱ्याने जेवढा खणला तेवढाच खणावयाचा, अशी आपली रीत!

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला पुरता ठाऊक आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते, आणि त्या भेगेत वासराचा पाय अडकतो. शेतकरी हे जाणतो. पण तोच शेतकरी गावात घर बांधू लागला की दोन-अडीच हात खणून विटा रचावयास लागतो! पहिला पावसाळा जातो, दुसरा जातो, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग उमटते. मालक म्हणतो, गवंड्याने सिमेंट कमी घातले. खरे कारण बहुधा असे असते की, न्हाणीचे पाणी एका कोपऱ्याशी मुरत राहिले, तो कोपरा फुगून वर उचलला गेला आणि उरलेले घर जागीच राहिले. ती भेग सिमेंटने बुजविली तर पुढल्या वर्षी शेजारी दुसरी पडते. मोरीचे पाणी भिंतीपासून दूर नेले तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. हा उपाय अगदी स्वस्त आहे. म्हणूनच की काय, तो कोणी सुचवीत नाही.

अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक युक्ती प्रचारात आणली. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल गोल भोक पाडावयाचे, तळाशी ते घेराने सुमारे अडीचपट रुंद करावयाचे आणि त्यात काँक्रीट भरावयाचे. वरची माती फुगो वा आकसो, खालचा गड्डा जागचा हलत नाही, कारण तेवढ्या खोलीवर ऋतूंचा खेळ फारसा पोचत नाही. ही विद्या अर्धशतकाहून जुनी आहे. ती आपल्या अंगणापर्यंत आली नसेल, तर तो दोष मातीचा नव्हे.

दुसरी गोष्ट उन्हाची. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. घाईत टाकलेल्या स्लॅबमधले पाणी संध्याकाळपर्यंत उडून जाते, आणि सकाळी पाहावे तो वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. त्यात आणखी एक मेख आहे. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा सिमेंटमध्ये वीजकेंद्राची राख मिसळलेली असते. हे सिमेंट वाईट नाही. पण ते सावकाश पिकते. त्याला उन्हाळ्यात चौदा दिवस तरी पाणी पाजावे लागते. जुन्या हिशेबाने सात दिवसांत पाणी थांबविणारा मनुष्य राखेला शिव्या देतो. पोत्यावर प्रकार छापलेला असतो. तो वाचावयाचा कोणी?

आता दुरुस्तीकडे वळू. नवे बांधणाऱ्याला मातीशी झगडावे लागते, दुरुस्ती करणाऱ्याला आधीच्या माणसाशी. आपली जुनी घरे मातीच्या किंवा चुन्यात रचलेल्या भिंतींची, सागवानी मयालीची आणि कवेलूंची. अशी भिंत जमिनीतून ओल शोषते आणि अंगातून हवेत सोडून देते. मालकाला पोपडे खटकतात, म्हणून तो तिच्यावर कडक सिमेंटचा गिलावा चढवितो. आता ओलीला बाहेर पडावयास वाट नाही. ती भिंतीतल्या भिंतीत वर चढते. जी ओल गुडघ्यापर्यंत होती ती कमरेपर्यंत येते, मयालीचे टोक जिथे भिंतीत रुतलेले आहे तिथे पोचते, आणि तिच्यामागून वाळवी येते.

इथे कोणी म्हणेल, आमचा साग! त्याला वाळवी कशी लागेल? आपल्या सागाची कीर्ती मोठी आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेले. परंतु सागाचा टिकाऊपणा त्याच्या आतल्या पिंगट गाभ्यात असतो. सालीलगतचे पांढरे लाकूड सागाचेच खरे, पण वाळवीला ते इतर लाकडांसारखेच गोड लागते. रंग दिल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून लाकूड घेताना छेद पाहावा. रंगविलेली चौकट पाहून काही कळत नाही.

घराची गोष्ट झाली. देवळाचीही अशीच गोष्ट आहे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तिथले शिल्प आपण पाहिले असेल. कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर या देवळांचे वर्णन केले. मुख्य देवळावर पूर्वी कधी वीज पडली, शिखराचा वरचा भाग तुटून मंडपाच्या छतावर आदळला, आणि पुढे एका गोंड राजाने डागडुजी करताना आत जाडजूड चौकोनी खांब व कमानी घातल्या, अशी ती हकीकत आहे. राजाचा हेतू निःसंशय चांगला होता. देऊळ पडू द्यावयाचे नव्हते. परंतु आधारासाठी घातलेल्या त्या बांधणीने मूळ रचना झाकली गेली. आपल्या काळात पुरातत्त्व खात्याने त्याच देवळाची दुरुस्ती हाती घेतली. शिखराचे दगड उतरविले गेले, आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. भाविक हळहळले, ते स्वाभाविक आहे. पण उघडल्यावाचून आतले कळत नाही, आणि उघडल्यावर जे दिसते ते अंदाजपत्रकात नसते. दुरुस्तीची खरी अडचण ही आहे, मग ती देवळाची असो वा माजघराची.

आणि शेवटी जी गोष्ट सांगावयाची आहे, तिच्यात विनोदाला जागा नाही. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. साठ-सत्तर फूट खोल खड्डा पडला. घरातली माणसे वेळीच बाहेर धावली म्हणून वाचली. खाली जुनी, बंद पडलेली कोळशाची भूमिगत खाण होती. अशा खाणीत कोळशाचेच खांब छताला आधार म्हणून ठेवतात. खाण बंद होते, आत पाणी भरते, खांब झिजतात, छताचा एकेक थर गळत राहतो, आणि ती पोकळी वर्षानुवर्षे हळूहळू वर सरकत येते. शेवटचा थर म्हणजे आपले अंगण. आसपासच्या कुटुंबांनाही घरे सोडावी लागली.

आता विचार करा. त्या घराची भिंत ओळंब्यात असेल, स्लॅब पक्का असेल, गवंडी प्रामाणिक असेल. घरमालकाने काय चूक केली? काहीच नाही. खाली खाण आहे हे खणणाऱ्यांना ठाऊक होते, कारण खाणीचे नकाशे काढल्यावाचून खाण चालत नाही. पण नकाशा एका कपाटात आणि घर दुसरीकडे! घर बांधणाऱ्या गरिबाने कोणते कपाट उघडावयाचे? म्हणून माझी पहिली मागणी घरमालकाकडे नाही, नगराच्या कारभाऱ्यांकडे आहे. कोळशाच्या पट्ट्यातील प्रत्येक गावात जुन्या खाणींचा नकाशा चावडीवर टांगलेला असावा, आणि बांधकामाचा परवाना त्याच्याकडे पाहून दिला जावा. जिथे राहू नये तिथे वस्ती आधीच झाली असेल, तर त्या माणसांना दुसरी जागा देणे हे उपकाराचे काम नव्हे, ते जुने देणे आहे.

घरमालकांना माझे सांगणे साधे आहे. पाया आखण्यापूर्वी दोन ठिकाणी पुरुष-दोन पुरुष खोल खड्डा घेऊन माती पाहा, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा की इथे पूर्वी विहीर, बोडी किंवा खाण होती काय. भेग दिसली तर ती बुजविण्याआधी तिच्यावर तारीख टाका आणि एक पावसाळा, एक उन्हाळा तिचे वर्तन पाहा. सरकारी अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी शेकडा तीन ते पाच ठेवण्याची प्रथा आहे. दुरुस्तीत शेकडा वीस बाजूला ठेवा, उरले तर मुलांच्या शिक्षणाला होतील. आणि काम संपले की एक वही करा. पाया किती खोल, नळ भिंतीतून कुठून गेला, मोरीचे पाणी कुठे जाते, कोणती मयाल बदलली, हे तीत लिहा, आणि ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

आपण जे आज झाकणार आहोत, ते उद्या कोणाला तरी उघडावे लागणार आहे. तो बहुधा आपलाच नातू असेल. त्याने भिंत फोडताना आपल्याला शिव्या द्याव्यात की वही उघडावी, हे ठरविणे आज आपल्या हाती आहे.