नकाशामागची वही

अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे गाव तुम्हाला राजवाडी होळीमुळे ठाऊक असेल. मला ते आज वेगळ्या कारणाने आठवतं आहे. पश्चिम घाटाच्या संरक्षणाचा जो मोठा हिशेब मांडला गेला, त्यात काठी नाही. घाटाची उत्तर सीमा तापीपाशी धरली गेली आणि काठी तापीच्या पलीकडे, सातपुड्यात. पहिला आकडा मांडण्याआधीच एका रेघेने हे ठरलं.

पर्यावरणाचं मॉडेल म्हणजे निसर्गाची आकड्यांतली प्रतिकृती. २०१० मध्ये केंद्र सरकारने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. गटाने घाटावर सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांची जाळी टाकली. उंची, उतार, जंगल, दुर्मिळ जीवजाती अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि त्यातून संवेदनशीलतेचे तीन स्तर पाडले. गुण राज्यवार, म्हणजे त्या त्या राज्याच्या तुलनेत दिले होते. अभयारण्यं आणि पहिला स्तर मिळून साधारण साठ टक्क्यांपुढे जाऊ नये, हेही गटाने ठरवलं होतं. साठच का, असं कुणी विचारू शकतो. पण विचारता येतं, कारण ते लिहून ठेवलेलं आहे.

पुढे २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला. त्याने उपग्रहाची चित्रं वापरली, गाव हे एकक धरलं आणि घाटाची हद्दही वाढवली. पहिल्या गटाचं क्षेत्र सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटर, दुसऱ्याचं १ लाख ६४ हजार. मात्र संवेदनशील ठरलं त्यातलं सुमारे ३७ टक्केच. गावाचा वीस टक्के भाग संवेदनशील असला की अख्खं गाव यादीत. घाट तोच, पण उत्तरं दोन. लोक भांडले ते मात्र बहुधा नावांवरून. एकक, हद्द आणि उंबरठा यांवर फारसं कुणी बोललं नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

पहिला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला, पण माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. तोवर अफवाच फार. बंद कपाटातल्या वहीचा उपयोग कुणाला?

चांगली वही कशी असते? प्रश्न कोणता, तो पहिल्या पानावर. गृहीतकं कोणती, कोणती माहिती मिळाली नाही, कोणता आकडा थोडा हलवला की निकाल किती पालटतो, आणि मध्येच सूत्र बदललं तर कधी व कशामुळे, हेही.

समजा उद्या काठीच्या परिसरातल्या मोहाचा असाच हिशेब मांडायचा झाला. झाडं किती, पाऊस किती, फुलं किती मिळतील, आणि त्यावरून जंगलाचा आराखडा. मग मी एक गोष्ट सुचवेन. एका हंगामाची आकडेवारी मॉडेलपासून मुद्दाम दूर ठेवावी. मॉडेल त्या हंगामाचा अंदाज काय देतं ते आधी लिहावं, आणि मग त्या वर्षी बायकांनी वेचलेल्या टोपल्यांच्या वजनाशी ते ताडून पाहावं. चूक किती निघाली, तो आकडाही त्याच वहीत, आणि ती वही ग्रामसभेत, तिथल्या बोलीत वाचून दाखवावी.